डोडोनाच्या शिशाच्या पट्ट्या: ग्रीक लोक देवाला नेमकं काय विचारत?

प्रश्न असा आहे: "डेल्फीच्या देवळात जमिनीतून येणारा वायू हुंगून एक बाई काहीबाही बरळायची, पुजारी त्याचा सोयीचा अर्थ लावायचे आणि राजे त्यावर लढाया करायचे, असं वाचलं. खरंच असं चालायचं का? आणि इतके तर्काचे पक्के लोक यावर विश्वास कसा ठेवायचे?"

प्राचीन ग्रीक आणि ग्रीक शिलालेख शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हा प्रश्न दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, आणि दर वर्षी मी डेल्फी बाजूला ठेवून डोडोनापासून सुरुवात करते. डेल्फीबद्दल आपल्याला जे ठाऊक असतं ते बहुतेक गोष्टींमधून आलेलं असतं. डोडोनाला मात्र विचारणाऱ्यांच्या हातचे कागद सापडलेत. कागद म्हणजे शिशाच्या पट्ट्या.

डोडोना ग्रीसच्या वायव्येला, एपिरसच्या डोंगरात, तोमारोस पर्वताच्या पायथ्याशी आहे. तिथे देवांचा राजा झ्यूस आणि त्याची पत्नी डायोनी यांचं ठाणं होतं आणि देवाचा ओक होता. होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियस त्या ओकाकडून झ्यूसची इच्छा ऐकायला गेल्याचा उल्लेख आहे, आणि 'इलियड'मध्ये तिथल्या पुजाऱ्यांचं वर्णन आहे, पाय न धुणारे आणि जमिनीवर निजणारे. इ.स. 1875 नंतर तिथे उत्खनन सुरू झालं आणि मातीतून शिशाच्या गुंडाळलेल्या पट्ट्या निघू लागल्या. इओआनिनाच्या संग्रहालयात त्या काचेमागे ठेवल्या आहेत. जुन्या एसटीच्या तिकिटाएवढ्या, चुरगळलेल्या, काळपट. पहिल्यांदा पाहणारा पुढे निघून जातो. 2013 साली त्यांचा मोठा संग्रह दोन खंडांत छापला गेला, त्यात चार हजारांहून जास्त लेख आहेत. साधारण इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यापासून इ.स.पू. 167 पर्यंतचे. त्या वर्षी रोमन सैन्याने एपिरस लुटला.

आता त्यांवर काय लिहिलंय ते पाहा. आगिस नावाचा माणूस विचारतो: माझी पांघरुणं आणि उशा हरवल्या, बाहेरच्या कुणी चोरल्या का? लिसानियास विचारतो: अन्नुला जे मूल पोटात वाढवतेय ते माझं का? क्लेओतास विचारतो: मेंढ्या पाळणं मला फायद्याचं पडेल का? हेर्मोन विचारतो: कुठल्या देवाला धरलं तर क्रेतायाच्या पोटी आहेत त्यांखेरीज आणखी मुलं होतील, कामाची मुलं? (मूळ शब्द खरोखरच 'उपयोगी' असा आहे. आईबाप सगळीकडे सारखेच.) कित्तोस नावाचा एक गुलाम विचारतो: दियोनिसियोसने मला कबूल केलेलं स्वातंत्र्य मिळेल का? हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. ज्याला कोर्टात उभं राहता येत नव्हतं, तोही देवापुढे आपल्या नावाने प्रश्न टाकू शकत होता.

गावंही विचारत. कोर्सिराचे लोक, म्हणजे आजच्या कोर्फू बेटावरचे, विचारतात की कुठल्या देवाला किंवा वीराला बळी दिला, कुणाची प्रार्थना केली, तर आमच्यात एकोपा राहील. इतिहासकार थ्युसिडिडीसने त्या बेटावरच्या यादवीचं जे वर्णन केलंय ते वाचलं असेल तर हा प्रश्न अंगावर काटा आणतो. खुद्द डोडोनाकर विचारतात: कुणा माणसाच्या विटाळामुळे देव हे असं हवामान पाठवतोय का?

या ढिगाऱ्यात "पुढे काय होणार?" असा मोकळा प्रश्न क्वचित सापडतो. बहुतेक प्रश्न दोन साच्यांत बसतात. एक, "असं केलं तर माझं भलं होईल का?" यासाठी ग्रीकमध्ये ठरलेली जोडी आहे, 'लोइऑन काय आमेइनॉन', 'अधिक बरं आणि अधिक चांगलं', आणि ती डेल्फीतही तशीच ऐकू येते. दुसरा साचा, "कुठल्या देवाला काय दिलं तर हे काम होईल?" पहिल्याला हो-नाही पुरतं, दुसऱ्याला एखादं नाव.

मराठी वाचकाला, त्यातही कोकण-गोव्याकडच्या, हे समजावून सांगावं लागत नाही. तो म्हणेल, हा तर कौल. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी इतिहासाने काही संबंध नाही, हे आधीच सांगते. पण आपल्याकडे शब्द तयार आहे म्हणून 'ओरॅकल'चं, म्हणजे देवाला विचारून मिळालेल्या उत्तराचं, भाषांतर डोळे झाकून 'भविष्यवाणी' करू नये. कौल लावणारा माणूस भविष्य वाचायला आलेला नसतो. त्याच्यापुढे दोन वाटा असतात, दोन्हींची त्याला भीती वाटत असते आणि त्यातली एक त्याला देवाच्या नावावर हवी असते.

डोडोनात चिठ्ठ्यांचा वापर होता याची एक गमतीदार साक्ष रोमन लेखक सिसेरोने नोंदवली आहे. स्पार्टाचे दूत जय मिळेल का म्हणून विचारायला आले, चिठ्ठ्यांचं भांडं मांडलं गेलं, आणि तिथल्या मोलोसियन लोकांच्या राजाच्या लाडक्या माकडाने उडी मारून सगळं उधळून दिलं. देवळाच्या बाईने सांगितलं, आता जयाचं सोडा, जीव वाचवायचं बघा. पाठोपाठ इ.स.पू. 371 मध्ये लेउक्त्राच्या रणात स्पार्टाचं कंबरडं मोडलं. गोष्ट नंतर रंगवलेली असेल, पण तिच्यात भांडं आणि चिठ्ठ्या सहज म्हणून येतात, आणि मला तेवढंच हवं असतं.

प्रश्न कसा विचारायचा यात खरी मेख होती. अथेन्सचा लेखक आणि सैनिक झेनोफन याने स्वतःची फजिती लिहून ठेवली आहे. इ.स.पू. 401 च्या सुमारास इराणी राजपुत्र सायरस सैन्य जमवत होता, आणि एका मित्राचं झेनोफनला पत्र आलं की तूही ये. त्याने सॉक्रेटिसचा सल्ला घेतला. सायरसने अथेन्सविरुद्धच्या युद्धात स्पार्टाला मदत केली होती, तेव्हा त्याच्याकडे जाणं अथेन्समध्ये अंगाशी येईल अशी सॉक्रेटिसला धास्ती. तो म्हणाला, डेल्फीला जाऊन विचार. झेनोफन गेला आणि विचारून आला: कुठल्या देवांना बळी दिला तर माझा प्रवास सुखरूप होईल? देवाने नावं सांगितली, त्यात झ्यूस राजा होता. परत आल्यावर सॉक्रेटिसने त्याला झापलं. जावं की राहावं हे आधी विचारायचं होतंस. ते तू मनाशीच ठरवलंस आणि जायचं कसं एवढंच विचारलंस. पण आता विचारून झालंय, तर देवाने सांगितलं ते कर.

या एका प्रसंगात सगळी पद्धत उघडी पडते. देवाने झेनोफनला फसवलं नाही. प्रश्नात जेवढी जागा होती तेवढंच उत्तर आलं. आणि चूक प्रश्नाची असली तरी उत्तर मोडायचं नाही, असं सॉक्रेटिससारखा माणूस म्हणतो.

राज्यकारभारातलं उदाहरण याहून सुंदर आहे. इ.स.पू. 352 मध्ये अथेन्सपुढे पेच आला. अथेन्सजवळच्या एलेउसिस इथल्या देवींची, शेजारच्या मेगारा राज्याच्या हद्दीला लागून पडीक जमीन होती. ती खंडाने लावायची की देवींसाठी तशीच पडीक ठेवायची? या ठरावाचा शिलालेख आपल्याकडे आहे. दोन कथलाच्या पट्ट्या घ्यायच्या. एकीवर 'लावावी', दुसरीवर 'पडीक ठेवावी' असं लिहायचं. दोन्ही गुंडाळून लोकरीत बांधायच्या, कांस्याच्या घागरीत टाकून हलवायच्या. मग एक काढून सोन्याच्या घागरीत आणि दुसरी चांदीच्या घागरीत टाकायची. घागरींना सरकारी मोहोर लावायची, आणि कुणाही अथेन्सकराला वाटलं तर त्याने आपलीही मोहोर लावावी. नंतर दूतांनी डेल्फीला जाऊन फक्त एवढंच विचारायचं: सोन्याच्या घागरीतलं पाळावं की चांदीच्या?

कुठल्या घागरीत काय आहे हे दूतांना ठाऊक नाही, पुजाऱ्यांना नाही, पिथियाला, म्हणजे देवाच्या वतीने उत्तर देणाऱ्या डेल्फीच्या बाईला, तर नाहीच. आजच्या निविदा उघडण्याच्या पद्धतीने लाजावं असा बंदोबस्त. याचे दोन अर्थ काढता येतात आणि मला दोन्ही खरे वाटतात. एक, माणसं लबाडी करू शकतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. दोन, देवाला बंद घागरीतलं दिसतं याबद्दल शंका नव्हती, नाहीतर एवढा खटाटोप कशाला? उत्तर आलं की न कसणं अधिक बरं आणि अधिक चांगलं. जमीन पडीक राहिली.

लबाडीची धास्ती निराधार नव्हती. स्पार्टाचा राजा क्लेओमेनीस याने आपल्या जोडीच्या राजाला (स्पार्टात एका वेळी दोन राजे असत) औरस नाही ठरवण्यासाठी डेल्फीत वजन वापरलं, पिथियाकडून हवं ते वदवून घेतलं आणि पुढे भांडं फुटल्यावर पेरियाल्ला नावाच्या त्या पिथियाला पदावरून काढण्यात आलं, असं इतिहासकार हिरोडोटस सांगतो. डेल्फी मात्र बंद पडलं नाही. नाणं खोटं निघालं म्हणून टांकसाळ कुणी पाडत नाही.

आता डेल्फी आणि तो वायू.

पिथिया ही कोणी सुशिक्षित योगिनी नव्हे. ग्रीक लेखक प्लुटार्क, जो इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकात तिथेच पुजारी होता, सांगतो की त्याच्या काळची पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरातली होती. भरभराटीच्या दिवसांत दोन पिथिया आळीपाळीने बसत आणि तिसरी राखीव असे, त्याच्या वेळी एकीवर भागत होतं. आधी वर्षातून एकच दिवस विचारता येई, नंतर महिन्यातून एक. हिवाळ्यात अपोलो, म्हणजे डेल्फीचा देव, तिथे नसे, तेव्हा तेही बंद. विचारणाऱ्याने शुल्क भरायचं, त्याला अजून 'पोळी' म्हणत, कारण मुळात देवापुढे पोळी ठेवायची असे. फासेलिस शहराशी झालेला इ.स.पू. 400 च्या आसपासचा करार सापडलाय: सरकारी प्रश्नाला 7 द्राख्मा 2 ओबोल, खाजगी प्रश्नाला 4 ओबोल. द्राख्माचे 6 ओबोल, म्हणजे सरकारला अकरापट दर. रांगेत पुढे घुसण्याचा मान काही शहरांना बहाल केलेला असे. देवस्थानांचे पास आपल्याला नवे नाहीत.

प्रश्न विचारण्याआधी बकरीवर थंड पाणी शिंपडत. ती नखशिखान्त थरथरली तरच देव राजी. प्लुटार्कने एक प्रसंग दिलाय: परदेशी शिष्टमंडळ आलं होतं, बकरी थरथरेना, पुजाऱ्यांनी तिला पाण्याने अक्षरशः न्हाऊ घातलं. पिथिया मनाविरुद्ध आत गेली. पहिल्याच शब्दांना आवाज घोगरा निघाला, मग ती किंचाळत दाराकडे धावली आणि कोसळली. काही दिवसांत गेली. लोक हा प्रसंग 'बघा, ती अशी बेभान व्हायची' म्हणून सांगतात. प्लुटार्क तो सांगतो कारण असं कधी होत नसे. नेहमीची पिथिया शांत असायची. बर्लिनच्या संग्रहालयात इ.स.पू. पाचव्या शतकातली एक पसरट पेला आहे, त्याच्यावर राजा एगेउस कौल घ्यायला आलाय. समोर तिवईवर बसलेली स्त्री एका हातात लॉरेलची डहाळी आणि दुसऱ्या हातात वाटी धरून खाली बघतेय. केस विस्कटलेले नाहीत, तोंडाला फेस नाही. चित्रात तिला देवी थेमिसचं नाव दिलंय, पण बैठक पिथियाचीच आहे. तोंडाला फेस आणला तो रोमन कवी लुकानने, आणि पुढे ख्रिस्ती लेखकांना तो फारच सोयीचा वाटला.

वायूचं म्हणाल तर प्लुटार्क आतल्या खोलीत कधीमधी गोड वास दरवळायचा असं लिहितो. 1892 पासून फ्रेंचांनी देऊळ खणलं, तेव्हा ज्या भेगेतून वायू यायचा असं वर्णन आहे ती भेग काही सापडली नाही. 2001 मध्ये भूवैज्ञानिक, पुरातत्त्वज्ञ आणि रसायनतज्ज्ञ यांनी मिळून मांडलं की देवळाखालून दोन भूभ्रंश एकमेकांना छेदून जातात आणि झऱ्याच्या पाण्यात इथिलीन या वायूचे अंश आहेत. बातमी जगभर गाजली. नंतर इतर अभ्यासकांनी त्यावर सडकून टीका केली: मापलेलं प्रमाण नशा चढण्याच्या आसपासही नाही. माझं मत विचाराल तर हा वाद कितीही रंगला तरी मूळ प्रश्नाला हात घालत नाही. वायूने फार तर डोकं हलकं होईल. पण 'पडीक ठेवा' हे उत्तर वायू देत नाही. डोडोनात तर कुणी काही हुंगतच नव्हतं, आणि उत्तरं त्याच जातीची आहेत.

पुजाऱ्यांनी अर्थ लावण्याबद्दल. हिरोडोटसमध्ये पिथिया थेट, प्रथमपुरुषी, विचारणाऱ्याशी बोलते. अर्थाची भांडणं देवळात होत नसत, ती घरी परतल्यावर होत. इ.स.पू. 480 मध्ये इराणचा राजा क्सेर्क्सिस याचं सैन्य येत असताना अथेन्सच्या दूतांना पहिलं उत्तर मिळालं ते इतकं भयंकर होतं, पळा, पृथ्वीच्या टोकाला पळा, की ते हातात शरणागताच्या डहाळ्या घेऊन पुन्हा आत गेले. दुसऱ्या उत्तरात 'लाकडी भिंत' आली. अथेन्सच्या सभेत त्यावर खडाजंगी झाली. म्हातारे म्हणाले, अक्रोपोलिसचं, म्हणजे शहरातल्या टेकडीवरच्या गडाचं, कुंपण. दुसरे म्हणाले, जहाजं. पण शेवटच्या ओळींत 'दिव्य सालामिस' (अथेन्ससमोरचं बेट) बायकांची मुलं मारील असं होतं, म्हणून व्यावसायिक दैवज्ञ म्हणाले, लढूच नका. तेव्हा अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस उठला: मरणार आपण असतो तर देव 'दिव्य' कशाला म्हणेल, 'निर्दय' म्हणाला असता. सभेने त्याचं ऐकलं. म्हणजे देववाणीचा अर्थ बहुमताने लागला. लोकशाहीत दुसरं काय होणार?

आता लिडियाचा राजा क्रीसस याला डेल्फीने दिलेल्या उत्तराची गोष्ट: नदी ओलांडशील तर मोठं राज्य बुडवशील, आणि बुडालं ते त्याचंच. ही गोष्ट फार सुरेख आहे, म्हणूनच तिच्याबाबत सावध राहावं. अमेरिकन अभ्यासक जोसेफ फॉन्टेनरोज याने 1978 मध्ये डेल्फीची ज्ञात उत्तरं जमवून चाळली. एकूण 535. त्यांतली समकालीन पुराव्यावर उभी असलेली त्याला 75 सापडली. या 75 मध्ये कोडी जवळपास नाहीत. अमक्या देवाला बळी द्या, तमका विधी सुरू करा, हो, हा कायदा चांगला आहे. कोडी सगळी गोष्टींमध्ये आहेत. त्याची चाळणी थोडी जास्तच बारीक आहे असं मला वाटतं, लाकडी भिंतीबद्दल तर नक्कीच. पण डोडोनाच्या पट्ट्या त्याच्या बाजूने साक्ष देतात.

तर्काचे पक्के लोक विश्वास कसा ठेवत, याचं उत्तर पुन्हा झेनोफनच्या सॉक्रेटिसकडे आहे. जे मोजून, मापून, तोलून कळतं ते देवाला विचारणं हा त्याच्या मते अधर्म. गाडीला तरबेज सारथी घ्यावा की अडाणी, हे विचारायला देवळात जायचं नाही. पण शेत उत्तम पेरणाऱ्याला पीक कोण कापील ते ठाऊक नसतं, घर उत्तम बांधणाऱ्याला त्यात कोण राहील ते ठाऊक नसतं. तेवढंच देवाला विचारायचं.

ही सीमारेषा व्यवहारात किती ताणली जायची तेही पाहा. इ.स.पू. 400 मध्ये झेनोफनची भाडोत्री फौज काळ्या समुद्रावर काल्पे बंदरात अडकली. बाहेर पडण्याआधी मेंढी कापून तिचं काळीज (खाटिकाकडे आपण कलेजी म्हणतो तेच) बघायचं. कौल वाईट. पुन्हा कापली, वाईट. दिवसामागून दिवस. लोकांना संशय आला की झेनोफनला इथेच शहर वसवायचंय म्हणून त्याने दैवज्ञाला पढवलंय. त्याने जाहीर केलं: उद्या ज्याला यायचंय त्याने यावं, कुणी काळीज वाचणारा असेल तर त्याने स्वतः बघावं. मेंढ्या संपल्या, गाडीचे बैल कापले. अन्न संपलं. शेवटी निओन नावाचा नायक दोन हजार माणसं घेऊन कौल न घेता लुटीला गेला आणि शत्रूच्या घोडदळाने त्यातली पाचशे कापली. हे लिहिताना झेनोफनच्या लेखणीत 'मी म्हणालो होतो' असा सूर आहे, पण उपाशी सैन्य तीन-चार दिवस काळजाच्या आकारावर अडून राहिलं हे खरं.

आणि थट्टाही होती. अथेन्समध्ये साथ आली तेव्हा म्हाताऱ्यांना एक जुनी ओळ आठवली: डोरियन युद्ध (डोरियन म्हणजे स्पार्टाकडचे ग्रीक) येईल आणि त्याच्याबरोबर 'लोइमॉस', रोगराई. काहींनी म्हटलं, शब्द तो नव्हताच, 'लिमॉस' होता, दुष्काळ. थ्युसिडिडीस कोरडेपणाने लिहितो की साथ असल्यामुळे लोइमॉसवाले जिंकले, आणि पुढेमागे दुसरं डोरियन युद्ध होऊन दुष्काळ पडला तर लोक ओळ तशी म्हणतील. त्याच्या सोबतचे लोक देवाला मानत होते आणि त्या ओळीवर हसतही असणार.

पुढे वाचायचं असेल तर झेनोफनच्या 'अनाबासिस'चं तिसरं पुस्तक आधी वाचा, डेल्फीवरचे रंगीत माहितीपट नंतर. आणि पट्ट्या बघायला कधी गेलात तर एक लक्षात ठेवा. शिसं महाग नव्हतं, पण टाकूनही देत नसत. उत्तर मिळालं की पट्टी सपाट करून तिच्यावर पुढच्याने लिहायचं. काही पट्ट्यांवर असे तीन-तीन, चार-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत. वाचायला बसलं की आधी हे अक्षर कोणाच्या काळजीतलं, एवढंच ठरवण्यात सकाळ जाते.